रजेवर आला की हप्ता चुकतो

प्रिय इरा आणि निहार,

गेल्या महिन्यात, इरा, तू टोरांटोहून फोन केलास तेव्हा तुझा आवाज नेहमीचा नव्हता. भाड्याचं घर पसंत पडलं होतं, पगार पुरेसा होता, पण घरमालकाने तुझा क्रेडिट स्कोर मागवला आणि तो काठावरचा निघाला. "आजी, मला न पाहता त्यांनी ठरवलं की मी भरवशाची नाही," असं तू म्हणालीस. मी तुला धीर दिला, फोन ठेवला, आणि चहा करायला उठले ती पुन्हा येऊन बसलेच. कारण इतकी वर्षं मी हेच काम करत होते. माणसाला न पाहता तो भरवशाचा आहे की नाही, हे ठरवायचं काम. एका दिवाळी अंकाने बँकेतल्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं आहे. तेव्हा हा हिशेब तुम्हा दोघांना उद्देशूनच लिहिते. मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसं ज्या भाषेत बोलली ती इंग्रजीत आणता येणार नाही. अडलं तर आईला विचारा.

मी सांगलीची. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी घेऊन एम. ए. झाले, आणि बँकेत लागले. नोकरीची शेवटची काही वर्षं साताऱ्यात शाखाधिकारी होते. साताऱ्याच्या शाखेत फौजी खातेदार पुष्कळ. या जिल्ह्यात अशी गावं आहेत की घरटी एक माणूस सैन्यात. त्यामुळे जवानांची गृहकर्जं हा आमचा रोजचा उद्योग.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जवानाला कर्ज देणं सोपं. सरकारी पगार, बुडायची भीती नाही. पण त्यात दोन गोष्टी अवघड असतात. जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि गृहकर्ज त्यापुढेही चालतं, म्हणजे निम्मे हप्ते पेन्शनमधून यायचे. आणि दुसरं, कर्ज घेणारा माणूस तिथे नसतोच. तो कुठल्यातरी बर्फात असतो. अर्ज भाऊ आणतो, बायको आणते, एजंट आणतो. सही कुणाची, हेतू कुणाचा, घरात राहणार कोण, हे सगळं शोधून काढावं लागतं. स्कोर चांगला असेल तर फारसं शोधत नाहीत. स्कोर रेषेच्या खाली असेल तर अर्ज थेट परत जातो. आणि अगदी रेषेवर असेल, तर शाखाधिकाऱ्याने विभागीय कार्यालयाला एक टिपण लिहायचं असतं: या माणसाला अपवाद का करावा. त्या टिपणाखाली आपली सही असते. कर्ज बुडालं तर ती सही कोणी विसरत नाही.

मी मुळात संशयी नव्हते. साताऱ्यातल्या पहिल्याच वर्षी एक तरणाबांड गडी पूर्ण गणवेशात माझ्यासमोर येऊन बसला होता. खडा सलाम, बूट आरशासारखे. मी त्याची फाइल पुढे सरकवणार, इतक्यात बाकावर पेन्शनची वाट बघत बसलेले एक म्हातारे सुभेदार उठले, त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "का रं गड्या, टोपीचा बिल्ला उजव्या डोळ्यावर कवापासनं यायला लागला?" तो गडी पाणी पितो म्हणून बाहेर गेला, तो गेलाच. त्याची पगाराची कागदपत्रंही त्याच्यासारखीच चकचकीत आणि खोटी होती. तेव्हापासून मी चकचकीत कागदांना घाबरायला लागले, आणि मग हळूहळू साध्या कागदांनाही.

विलासचा अर्ज आला तो मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी. विलास, फौजेत नाईक या हुद्द्यावर, खंडाळा तालुक्यातल्या एका गावचा. अर्ज आणला त्याच्या बायकोने, मंगलने. बारीक चणीची, तिशीतली बाई, डोक्यावरचा पदर सरळ, बोलणं त्याहून सरळ. तेव्हा विलास सीमेवर होता, पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांच्या रजेवर येणार होता.

"घर कुठे घेताय?"

"साताऱ्याच्या भाईर, नवी वस्ती झालीया तितं. दोन खोल्या, एक सैपाकघर. इसार दिलाय, बाई. ह्यांची रजा संपायच्या आत खरेदी न्हाई झाली तर मालक दुसऱ्याला देतोय."

"आत्ता कुठे राहता?"

"थोरल्या दिरांच्या घरात, एका खोलीत. दिवाळीनंतर त्यांच्या पोराचं लगीन हाय. खोली नव्या सुनंला पायजे." तिने अर्ज माझ्यापुढे सरकवला. "पोरीला घेऊन कुटं जाऊ, ते तुमीच सांगा."

मी स्कोर मागवला. तो अगदी रेषेवर.

कारण एकच होतं: गाडीचं कर्ज. विलासने मोटारसायकल हप्त्यांवर घेतली होती. तेव्हा खेड्यापाड्यात फायनान्स कंपनीचा माणूस दर महिन्याला घरी येऊन चेक घेऊन जायचा. चेक तालुक्याच्या एका सहकारी बँकेच्या खात्यावरचा. बहुतेक हप्ते वेळेवर, पण मधूनच चार हप्ते उशिरा, दंडासह.

तुम्हाला माझी आखीव वही आठवते ना? त्यात मी एक तक्ता केला. डावीकडे हप्ते चुकल्याचे महिने. उजवीकडे विलासच्या आधीच्या रजांचे महिने, कारण रजेच्या दाखल्यांच्या प्रती अर्जाला जोडलेल्या होत्या. पट्टी ठेवून पाहिलं तर दोन्ही रकाने एकमेकांवर बसले. तो सीमेवर असताना एकही हप्ता चुकला नव्हता. तो घरी आला की हप्ता चुकत होता. दर वेळी.

मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे कबूल करते. आकड्यांमधून माणूस दिसला, असं वाटलं. रजेवर येतो, पीत असणार, पत्ते खेळत असणार, पैसे उडवत असणार.

खात्री करायला मी गावी गेले. गृहकर्ज देताना शेजारपाजारी चौकशी करायची पद्धत आहे. विलास रजेवर आला होता, पण तेव्हा तालुक्याला गेला होता, आणि मंगल पोरीला शाळेतून आणायला गेली होती. ओट्यावर विलासचे थोरले भाऊ शंकरराव बसले होते. त्यांनी चहा मागवला, आणि मी न विचारता बोलायला लागले.

"भाऊ माझा सोन्यासारखा हाय, म्याडम. पर रजेत त्येचं चित्त थाऱ्यावर नसतंय."

"म्हणजे?"

"आता काय सांगायचं. फौजी मानूस. चार दोस्त येत्यात, बसत्यात. पैसा काय राहतुया व्हय हातात?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् ही आमची मंगल लय हुश्शार. समदा कारभार तिच्या हातात. ती काय करती, कुटं सह्या करती, आमाला कळत बी न्हाई. तिचा भाऊ विट्याकडचा, परमुलखात सोनं गाळायचं दुकान हाय त्येचं. घरासाठी भरायची रक्कम त्येनंच धाडलीया म्हनं. कशापायी? इचारा की."

विट्याकडचे लोक सोनं शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात देशभर पसरले आहेत. त्यात संशयास्पद काही नाही, हे मला माहीत होतं. तरी परत येताना मी वहीत लिहिलं: "भाऊ, गलाई, एकरकमी. तपासणे." त्या दिवशी मी पिण्याच्या पाण्याचीही पावती मागितली असती. शंकररावांना त्या खोलीबद्दल, सुनेबद्दल, भाऊ वेगळा निघाला तर त्याच्या पगारातून घरात येणारा वाटा थांबेल याबद्दल काय वाटत असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. एकाच माणसावर सगळा संशय खर्च झाला होता.

परत आल्यावर मी पत्र लिहिलं. विलासच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, स्वच्छ इंग्रजीत. सदर जवान रजेच्या काळात वारंवार हप्ते थकवतो असं दिसतं, त्याच्या आर्थिक शिस्तीबद्दल आणि सवयींबद्दल आपला अभिप्राय कळवावा. फार सुरेख पत्र होतं ते. एकही चूक नव्हती. दुपारच्या टपालाने गेलं.

हे नियमाबाहेरचं नव्हतं. पण गरजेचंही नव्हतं.

तोवर विलासची रजा निम्म्याहून जास्त संपली होती. तिसऱ्या दिवशी मी नवरा-बायकोला बोलावलं, नकार तोंडावर द्यावा म्हणून. मंगलने त्याची फौजी ट्रंकच रिक्षात घालून आणली होती, काळी, वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. "कोनता कागद मागतील, नेम न्हाई," ती म्हणाली.

विलास उंच, उन्हाने रापलेला. खुर्चीच्या काठावर बसला. मी त्याच्यापुढे एक साधा कागद ठेवला, भेटीची नोंद, आणि सही करायला सांगितलं. त्याने एका झटक्यात सही केली. दोन टोकदार रेघा आणि एक लांब फराटा.

मी अर्जावरची सही पाहिली. गोल, सुबक, शाळेतल्या वहीसारखी, खाली शेपटी घेतलेली.

"ही कोणाची सही आहे?"

"ह्यांचीच," मंगल म्हणाली.

"केली कोणी?"

"म्या."

तिच्या आवाजात भीती नव्हती. "अहो, तुम्ही त्यांच्या नावाने सही केलीत?"

"नाव त्यांचंच हाय की, बाई. माझं कुटं घातलं? लग्नाच्या वर्षी जाताना ह्यांनीच शिकवली. म्हनले, मी लांब असनार, कागदावाचून काय अडायला नको. पाटीवर गिरवून घेतली म्हैनाभर."

विलास मान खाली घालून म्हणाला, "आमच्याकडं लय जनांच्या बायका करत्यात, म्याडम. त्याला गुन्हा म्हनत्यात हे आज कळतंय."

मी विचारलं, "गाडीच्या चेकवर कोण सही करतं?"

"मीच," मंगल म्हणाली. "फकस्त हे घरी असल्यावर हे करत्यात. म्हनत्यात, मी हाय नव्हं घरात, तू कशाला?"

माझा हात वहीवर होता. तो तक्ता त्याच पानावर होता. "चेक परत आले तेव्हा बँकेने एक चिठ्ठी दिली असेल. ती आहे?"

मंगलने ट्रंक उघडली. वरच्या घड्या बाजूला केल्या आणि रबर लावलेला एक गठ्ठा काढला. तिने त्या पावत्या समजून जपल्या होत्या. चेक परत आला की बँक असा कागद देते, त्यावर कारणांची छापील इंग्रजी यादी असते, बारीक अक्षरात, आणि लागू असेल त्या कारणाशेजारी खूण. चारही कागदांवर खूण एकाच ओळीला होती: सही जुळत नाही. पैसे नाहीत, असं एकाही कागदावर नव्हतं. गठ्ठ्यात पासबुकही होतं, त्यात प्रत्येक वेळी हप्त्याहून जास्त रक्कम होती.

तुम्हाला उलगडून सांगते. विलासने ते खातं लग्नाच्या वर्षी उघडलं होतं. तेव्हा दिलेला सहीचा नमुना बँकेत होता, आणि त्याच वर्षी त्याने ती सही मंगलला शिकवली. पुढे फौजेत रोज रजिस्टरवर घाईघाईत, हातमोज्यातल्या बोटांनी सह्या करून त्याची सही बदलत गेली. मंगलची बदलली नाही. तिच्या हातात त्याची लग्नाच्या वर्षाची सही जशीच्या तशी राहिली होती. म्हणून तिने सही केलेला चेक वटायचा, आणि त्याने स्वतः केलेला परत यायचा.

"तुम्ही बँकेत जाऊन विचारलं नाहीत?" मी विलासला म्हणाले.

"इचारायचं काय? मला वाटलं क्लार्कला चहापानी पायजे. फौजी रजेवर आला, पैसेवाला हाय, म्हनून अडवतोय. मी म्हनलं, एक छदाम देनार न्हाई. कंपनीत जाऊन दंडासकट रोख भरत व्हतो."

"आन् मला वाटलं, दारू पीत असतील," मंगल नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "थोरल्या भावजींनी मला तसंच सांगितलं व्हतं."

"अगं, कवा प्यालो मी?"

"तेच म्हनते. वासबी येत न्हवता."

मी हसले नाही. सगळ्यांचाच संशय चुकीच्या माणसावर होता, आणि त्यात सगळ्यात शिकलेली मी होते. पत्र जाऊन तीन दिवस झाले होते. फौजी टपालाला एकदा दिलेलं पत्र परत मागता येत नाही. त्या क्षणी त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. स्वतःला म्हणाले, आधी कर्ज होऊ दे.

आता उपाय सरळ दिसत होता: सहकारी बँकेत सहीचा नवा नमुना द्यायचा आणि चेक पैशांअभावी परत गेले नव्हते असं पत्र फायनान्स कंपनीकडून आणायचं. विलास दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेला आणि संध्याकाळी लाल चेहऱ्याने, मंगलला घेऊन, शाखेत परत आला.

"सही बदलायचा अर्ज द्या म्हनले. दिला. तर म्हनत्यात, ह्या अर्जावर जुनी सही पायजे!"

"बरोबर आहे. नियम तसाच आहे."

"म्याडम, जुनी सही मला येत न्हाई. मी विसरलो. ती हिला येतीया!"

त्यानंतर माझ्या केबिनमध्ये जे झालं ते मी कोणत्याही टिपणात लिहिलेलं नाही. मंगलने टेबलावरचा रद्दी कागद ओढला, नवऱ्याशेजारी खुर्ची सरकवली आणि त्याला त्याची सही शिकवायला बसली.

"तसं न्हाई. हळू. खालनं वर घ्या."

"घेतोय की."

"फराटा नगं! बंदूक हाय व्हय ती? शेपूट गोल न्यायची. हां. आता पुन्यांदा."

"मंगल, माझीच सही हाय ना ही?"

"व्हती. आता गप गिरवा."

अर्धा तास मी खिडकीबाहेर बघत बसले. नियमाने माझ्यापुढचा तो जुना अर्ज, दुसऱ्याच्या हातची सही असलेला, फाइलला लावून वरती कळवायला हवा होता. मी आवक नोंदवहीत लिहिलं, "अर्ज अपूर्ण, परत. नवा अर्ज समक्ष घेतला." आणि जुना मंगलच्या हातात दिला. मी तीस वर्षांहून जास्त नोकरी केली, नियम एवढा एकदाच वाकवला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

दोन दिवसांनी सही बदलली. कंपनीचं पत्र आलं. मंगलच्या भावाची रक्कमही मी तपासली. ती बहिणीच्या वाटची माहेरची जमीन विकून आलेली होती, कागदांसह. मी चार पानांचं टिपण लिहून विभागीय कार्यालयाला पाठवलं. तिथल्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, निवृत्तीला किती राहिलंय?"

"वर्षाच्या आत."

"मग कशाला ही उठाठेव? रेषेवरचा स्कोर आहे. नको म्हणा आणि सुखाने घरी जा."

"सर, परत आलेल्या चेकचे चार कागद जोडलेत. कारण वाचा. पैसे होते. सही जुळत नव्हती."

"स्वतःची सही जुळत नाही, असा माणूस तुम्हाला भरवशाचा वाटतो?"

"त्याची बायको वाटते," मी म्हणाले. "हप्ते तीच भरणार आहे."

ते म्हणाले, "सहकर्जदार म्हणून तिचं नाव घाला. तिच्या स्वतःच्या सहीने."

मंजुरी आली तेव्हा रजेचे दोन दिवस शिल्लक होते. खरेदीखताला मंगलने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून सही केली. अक्षर वाकडं आलं. स्वतःच्या सहीची तिला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात मी युनिटला दुसरं पत्र पाठवलं: पहिल्या पत्रातला निष्कर्ष माझा होता आणि तो चूक होता, या जवानाच्या व्यवहारात काही खोट नाही. तेही स्वच्छ इंग्रजीत, नोंदणीकृत टपालाने. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी, माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, विलास व्याजाचा दाखला न्यायला आला. दाखला घडी करून खिशात ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "म्याडम, ते पत्र तुमचं व्हतं नव्हं?"

मी हो म्हणाले.

"रजेवरनं गेलो, दुसऱ्या दिवशी सीओ साहेबांनी उभं केलं. वाचून दाखवलं. म्या म्हनलं, साहेब, गैरसमज झालाय, आता मिटलाय. ते म्हनले, मग तसं बँकेनं लिवून द्यायला पायजे."

"मी लिहिलं होतं, विलास. त्याच आठवड्यात."

"लिवलं असंल. मला कुनी काय बोललं न्हाई." त्याने टोपी घातली. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, जिथे हवा तिथे. "बढतीच्या, हवालदारीच्या यादीत नाव न्हाई आलं यंदा. पर त्येचं कारन कुनी सांगत नसतंय. तुमी मनाला लावून घेऊ नका. घर झालं ते तुमच्यामुळं."

तो खरंच असं मानत होता का, की मोठ्या बाईला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे मी आजही सांगू शकत नाही.

विलास नाईक या हुद्द्यावरच निवृत्त झाला, वरची हवालदारी मिळाली नाही. हवालदाराच्या आणि नाईकाच्या पेन्शनमधला फरक माणसाला आयुष्यभर मिळत राहतो, किंवा मिळत नाही. कारण माझं पत्र होतं की आणखी काही, ते शोधायला माझ्याकडे तक्ता नाही.

इरा, तुझ्या घरमालकाला सांग की आकड्यामागचा कागद बघायचा असेल तर तू दाखवायला तयार आहेस. तो बघेलच असं नाही. मी उशिरा बघितला.

गेल्या दिवाळीत सांगलीहून साताऱ्याला गेले होते तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आले. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. कर्जाचे थोडे हप्ते राहिलेत, एकही चुकलेला नाही. ट्रंक पलंगाखाली आहे. माझं पहिलं पत्र युनिटच्या कागदांत कुठेतरी असेल. दुसऱ्या पत्राची प्रत आणि टपालाची पावती माझ्या कपाटात, निळ्या फायलीत आहे. पोच अजून आलेली नाही.